गरोदरपणातलं इन्सुलिन : सुई, वही आणि साखरेचे आकडे

वहीतले आकडे सुरेख होते. उपाशीपोटी 88, नाश्त्यानंतर 112, दुपारी 115, रात्री 110. आठवडाभर सगळे असेच, एकाच निळ्या पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. सातवा महिना लागला होता आणि सोनोग्राफीत बाळाचं पोट दिवसांच्या मानाने बरंच मोठं दिसत होतं. मी तिचा ग्लुकोमीटर मागून घेतला आणि मेमरीचं बटण दाबत मागे मागे गेले. 168. 181. 154. तिने मान खाली घातली. "वही सासूबाईपण बघतात ना," एवढंच म्हणाली.

गरोदर बायकांना इन्सुलिन शिकवणं हे माझं रोजचं काम. सुई टोचायला बाई दहा मिनिटांत शिकते. खरा आकडा लिहायला मात्र कधी कधी महिना जातो. वहीत खोटा 112 लिहिला, की डॉक्टर डोसही 112 बघूनच देतात. बाळाला साखर जाते ती 168 चीच. पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा, कारण या लेखातली प्रत्येक पायरी त्या वहीवर उभी आहे.

इन्सुलिनच का?

आईच्या रक्तातली साखर वारेतून (प्लासेंटातून) बाळाकडे जाते. आईने टोचून घेतलेलं इन्सुलिन जात नाही. साखर जास्त पोचली, की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं. त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या पोटावर आणि खांद्यांवर चरबी चढते आणि बाळंतपण अवघड होतं. नाळ कापली, की आईकडून येणारी साखर एकदम बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन चालूच राहतं. म्हणून अशा बाळांची साखर जन्मल्यावर पहिल्या काही तासांत खाली येऊ शकते.

मेटफॉर्मिनची गोळी आपल्याकडे गरोदरपणात दिली जाते, पण ती वार ओलांडून बाळापर्यंत पोचते. इन्सुलिनचं तसं नाही. आणि "एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही" हे जे शेजारणी सांगतात, त्याचं उत्तर असं: साखर गरोदरपणातच वाढलेली असेल, तर बहुतेक जणींचं इन्सुलिन बाळंतपणाच्या दिवशीच थांबतं. आधीपासून टाइप 1 मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असेल तर ते सुटणार नाही, पण तो दोष इन्सुलिनचा नव्हे.

तपासणी आणि आधीची तयारी

भारत सरकारच्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक गरोदर बाईची साखर पहिल्याच भेटीत तपासायची, आणि तेव्हा ठीक आली तर 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. उपाशी राहायची गरज नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा त्याहून जास्त आलं, तर गरोदरपणातला मधुमेह. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करायची. लिंबू पिळलं तर चालेल का, असं सगळ्याच विचारतात. चार थेंबांनी काही बिघडत नाही.

निदान झालं म्हणजे लगेच सुई असं नाही. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. तरीही जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या वर राहिली, तर औषध.

मधुमेह आधीपासूनच असेल, तर खरी तयारी दिवस जाण्याआधीची. बाळाचं हृदय आणि पाठीचा कणा पहिल्या आठ आठवड्यांत घडतात आणि तोवर अनेकींना आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेलं नसतं. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) शक्यतो 6.5 टक्क्यांच्या खाली आणा, फॉलिक अॅसिड आधीच सुरू करा, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. त्यातल्या काही गरोदरपणात बदलाव्या लागतात.

साखर बघायची रीत

घरचं लक्ष्य असं: उपाशीपोटी 95 च्या खाली, जेवणानंतर एक तासाने 140 च्या खाली, दोन तासांनी बघत असाल तर 120 च्या खाली. घड्याळ लावायचं ते पहिल्या घासापासून. ताट उचलल्यावर मोजायला लागलात, तर अर्धा-पाऊण तास चुकतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. मे महिन्यात एकीची साखर अचानक 240 आली. घाबरून फोन केला. विचारल्यावर कळलं की आंबा स्वतः खाल्ला नव्हता, पण मुलाला कापून दिला होता. हात धुऊन परत बघितली तर 117. बोटाच्या टोकाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा, दुखतं कमी. पट्ट्यांची डबी वापरून झाली की लगेच बंद करा. दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास.

इन्सुलिनवर असताना दिवसातून साधारण चार वेळा: सकाळी उठल्यावर आणि तिन्ही जेवणांनंतर. टाइप 1 असेल तर जेवणाआधी आणि झोपतानाही. वहीत आकड्याशेजारी तीन गोष्टी हव्यात: काय खाल्लं, किती युनिट घेतलं, काही वेगळं घडलं का. "189, बारसं, जिलेबी दोन" अशी नोंद मला चकचकीत रकान्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बाटली, सिरिंज आणि एक घातक घोळ

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीत बहुतेक वेळा 40 युनिट प्रति मिली, पेनमध्ये 100 युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या. 40 ची बहुधा लाल टोपणाची, 100 ची केशरी. टोपणापेक्षा सिरिंजवर छापलेलं वाचा, आणि ते बाटलीवरच्या आकड्याशी जुळलंच पाहिजे.

न जुळल्यास काय होतं ते गणितानेच बघा. 40 च्या बाटलीतलं इन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये "10" पर्यंत ओढलं, तर अंगात जातात फक्त 4 युनिट. उलट 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये "10" पर्यंत ओढलं, तर जातात 25. पहिल्या घोळात साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढत राहतो. दुसऱ्यात बाई बेशुद्ध पडू शकते. माझ्याकडे आलेल्या एकीचा डोस दोन आठवडे वाढवूनही काही फरक पडेना. शेवटी तिने पिशवीतून सगळं सामान टेबलावर ओतलं, तेव्हा केशरी टोपण दिसलं. दुकानात लाल संपली होती, म्हणून "हीच चालते" असं सांगून दिलेली. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी पिशवीच रिकामी करायला लावते.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, दाराच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. वापरातली बाटली घरात सावलीत साधारण महिनाभर टिकते, पण हे जेमतेम 25-30 अंशांपर्यंतचं. चंद्रपूर-नागपूरच्या मेमध्ये घरात फ्रिज नसेल किंवा वीज सारखी जात असेल, तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात, पाण्यात ठेवा, आणि भांडं सावलीत. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

टोचताना

30/70 (जलद आणि लांबणारं एकत्र मिसळलेलं) किंवा दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल, तर बाटली दोन तळव्यांमध्ये सावकाश दहा-वीस वेळा फिरवा, रवी घुसळल्यासारखी पण हळू. जोरात हलवू नका, फेस येतो. तळाशी गोळे किंवा कडेला कण दिसले, तर ती बाटली वापरू नका. जितकं इन्सुलिन ओढायचं तितकीच हवा आधी बाटलीत सोडा, मग बाटली उलटी करून ओढा. बुडबुडे टिचकीने वर आणून परत बाटलीत ढकला.

पेन असेल तर प्रत्येक वेळी आधी 2 युनिट हवेत सोडून बघा, थेंब दिसला पाहिजे. टोचल्यावर बटण दाबून मनात दहा मोजा, मगच सुई काढा. पेनवर सुई चढवून ठेवू नका, हवा आत जाते आणि औषध गळतं.

पोटावर टोचल्याने बाळाला लागेल का? पेनची सुई बहुधा चार मिलिमीटरची असते. त्वचा, चरबी, स्नायू, गर्भाशयाची भिंत, पाणी, इतकं सगळं मध्ये आहे. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचा. शेवटच्या महिन्यांत समोरची कातडी ताणलेली असते, तेव्हा पोटाच्या बाजूला चिमटीत त्वचा धरून टोचा, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला. जागा रोज थोडी सरकवा. एकाच ठिकाणी टोचलं की तिथे दुखत नाही म्हणून बायका तीच जागा पकडतात, आणि मग तिथे मऊ गाठ होते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम शोषलं जातं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून टोपण घट्ट लावा आणि बाटली दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात द्या. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताचाही विचार करा.

वेळेचं सांगायचं तर, साधं रेग्युलर आणि 30/70 जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, लिस्प्रो किंवा अॅस्पार्ट (ही लगेच काम करणारी इन्सुलिनं) जेवायला बसताना किंवा जरा आधी. सुई घेतली आणि मग पाहुणे आले म्हणून ताट लांबलं, असं होऊ देऊ नका. ताट समोर येतंय याची खात्री झाल्यावर घ्या.

कुठला आकडा कुठल्या सुईचा

हे समजलं, की वही बोलायला लागते. सकाळी उपाशीपोटीची साखर ही कालच्या जेवणाची कमी आणि रात्रभर यकृताने सोडलेल्या साखरेची जास्त. तिच्यावर काम करतं ते रात्रीचं, लांब चालणारं इन्सुलिन. नाश्त्यानंतरचा आकडा सकाळच्या जलद इन्सुलिनचा, दुपारचा दुपारच्या, रात्रीचा रात्रीच्या. 30/70 मध्ये तीस भाग जलद आणि सत्तर भाग लांबणारं असतं, त्यामुळे सकाळच्या एकाच सुईचा काही भाग दुपारच्या जेवणाच्या वेळीही चालू असतो. म्हणून दुपारचं जेवण चुकवायचं नाही.

एका आकड्यावरून डोस हलवू नका. दोन-तीन दिवस एकाच वेळेचा आकडा लक्ष्याच्या वर येत असेल, तर त्या वेळेवर काम करणाऱ्या इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. सुरुवात बहुधा छोट्या डोसने, चार-सहा-आठ युनिटांनी होते, आणि मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवतात. हे गणित तुमच्या डॉक्टरांनी वहीत लिहून द्यावं असा आग्रह धरा: अमुक आकडा आला तर इतके युनिट वाढवा, तमुकच्या खाली आला तर इतके कमी करा आणि फोन करा.

एक अपवाद लक्षात ठेवा. सकाळची साखर जास्त येते, पण रात्री घामाने कपडे भिजतात, वाईट स्वप्नं पडतात, उठल्यावर डोकं दुखतं, असं असेल तर रात्रीचा डोस वाढवण्याआधी दोन-तीन रात्री पहाटे तीनला साखर बघा. रात्री ती खाली जाऊन सकाळी उसळत असू शकते.

डोस वाढतोय म्हणून घाबरू नका, एकदम उतरला तर मात्र फोन करा

पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः टाइप 1 मध्ये, मळमळ आणि कमी खाण्यामुळे इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. साखर खाली जाण्याचा धोका तेव्हा सगळ्यात जास्त. साधारण पाचव्या महिन्यापासून वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनला विरोध करतात आणि गरज चढत जाते. मधुमेह आधीपासून असलेल्या बाईचा डोस शेवटाला दुप्पट, कधी तिप्पट होतो. "मी पथ्य पाळूनही वाढला" म्हणून रडणाऱ्या बायकांना मी सांगते, वार काम करतेय म्हणून वाढला.

उलट आठव्या-नवव्या महिन्यात काहीही न बदलता साखर सारखी खाली यायला लागली आणि डोस भराभर कमी करावा लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर फोनही नको, सरळ दवाखान्यात जा.

ताट, उपास आणि डोहाळजेवण

इन्सुलिनचा डोस ठरलेला, तर पोळ्याही ठरलेल्या. एक दिवस एक पोळी आणि दुसऱ्या दिवशी चार, असं झालं तर कुठलाच डोस बरोबर येणार नाही. तीन मुख्य जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी. भात पूर्ण बंद करायची गरज नाही. एक वाटी भात, त्यावर दाट वरण, शेजारी पालेभाजी आणि दही. "दोन जिवांचं खा" म्हणणाऱ्यांना गोड हसून मान डोलवा. पण उपाशी राहून आकडा चांगला आणायची युक्तीही नको, गरोदर शरीराला दिवसाला किमान 175 ग्रॅम कर्बोदकं लागतातच.

सगळ्यात आडमुठा आकडा नाश्त्यानंतरचा. पहाटेच्या हार्मोन्समुळे सकाळी शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. दुपारी दोन पोळ्या पचवणाऱ्या बाईला सकाळी एक प्लेट पोहे 170 वर नेतात. मुगाची धिरडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडं आणि छोटी पोळी करून बघा. पोहे सोडवत नसतील तर अर्धे पोहे आणि त्यात भरपूर शेंगदाणे, मटार. चहा बिनसाखरेचा आणि बिस्किटाशिवाय. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललात, तरी आकडा हलतो.

इन्सुलिनवर असताना उपास नको, हे मी स्पष्टच सांगते. संकष्टीचा उपास चंद्रोदयापर्यंत, सकाळचं इन्सुलिन मात्र संध्याकाळपर्यंत काम करत राहतं. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

डोहाळजेवणावर मात्र माझा राग नाही. ते नेमकं साखर चढत्या दिवसांत येतं, एवढीच त्याची खोड. ओटी भरा, झोपाळ्यावर बसा, पेढा की बर्फीचा खेळही खेळा, फक्त उघडलेल्या वाटीतला पेढा जावेला द्या. गोड खायचंच असेल तर जेवणानंतर एक छोटा तुकडा, रिकाम्या पोटी नको. एक तासाने साखर बघा आणि येईल तो आकडा लिहा.

साखर उतरली तर

हातापायांना कापरं, घाम, धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड. साखर बघा. 70 च्या खाली असेल, किंवा बघायला वेळच नसेल, तर लगेच तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात ढवळून प्या. चॉकलेट किंवा लाडू नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध असं काहीतरी खा. आणि असं का झालं ते वहीत.

घरातल्यांना हे आधीच शिकवा: बाई शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये, उशाशी आणि नवऱ्याच्या खिशात असू द्या.

उलट्या किंवा ताप आला तर "खाल्लं नाही म्हणून सुई घेतली नाही" हे टाइप 1 मध्ये जिवावर बेतू शकतं. लांब चालणारं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारून डोस ठरवायचा. उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि भराभर चाललाय, तोंडाला कुजक्या फळासारखा वास येतोय, तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढलेले असू शकतात. गरोदरपणात साखर 200 च्या आत असतानाही हे घडतं, म्हणून मीटरवर विसंबून घरी थांबू नका.

बाळ लवकर होण्याची शक्यता असेल, तर त्याच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर काही दिवस साखर जोरात उसळते. दवाखान्यातच जास्त वेळा तपासून तेवढ्यापुरता डोस वाढवतात.

कळा आणि त्यानंतर

बाळंतपणाच्या दिवशी सकाळची नेहमीची सुई बहुधा देत नाहीत. दर दोन तासांनी साखर बघतात आणि लागेल तसं इन्सुलिन सलाईनमधून देतात. पिशवीत मीटर, वही आणि सध्याचे डोस लिहिलेला कागद वर ठेवा. वार बाहेर पडली, की इन्सुलिनची गरज काही तासांत कोसळते. टाइप 1 असेल तर कालचा डोस आज घेऊ नका. गरोदरपणाआधीच्या डोसापासून, कधी त्याहूनही कमीपासून सुरुवात होते. अंगावर पाजताना साखर आणखी उतरते, तेव्हा रात्री पाजायला उठताना शेजारी काहीतरी खायला असू द्या. इन्सुलिन घेत असताना पाजायला काहीच हरकत नाही. बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्या. त्याची साखर सांभाळायला ते पहिलं दूधच लागतं.

मग घरी डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर सुरू होते, आणि साखर बघणं बंद होतं. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप 2 (बहुधा मोठेपणी होणारा, नेहमीचा मधुमेह) होण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तीच 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी परत करायची, या वेळी उपाशीपोटी जाऊन. दोन तासांची साखर 140 च्या खाली असेल तर उत्तम, 200 किंवा जास्त असेल तर मधुमेह, मधलं काही आलं तर पथ्य, चालणं आणि लवकर पुन्हा तपासणी. ठीक आली तरी दर वर्षी एकदा.

बाळाची दीड महिन्याची लस याच सुमारास येते. मी बाळाच्या लसीच्या कार्डावरच त्या तारखेशेजारी पेनाने "आईची साखर" असं लिहून देते. लसीला कुणी चुकत नाही. वहीत 112 लिहिणारी ती मुलगी त्या दिवशी आली, बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि ग्लुकोजचा पेला तोंड वाकडं करत एका दमात संपवला. दोन तासांनी आकडा आला 131. तिने पर्समधून वही काढली आणि सासूबाईंच्या समोरच लिहिला.